तिसऱ्या फाटकाजवळचं घुबड

नॉयबर्ग, नॉर्थ डकोटा
सोमवार, १२ जून १९७८

पिना,

तर सगळ्यात आधी गाडीतून उतरला तो पेल. आधी पाय, मग दुर्बीण, मग पोट आणि मग उरलेला पेल. त्याच्यामागून त्याची बायको, थोर्सगार्डबाई. काठीसारख्या सरळ, डोक्याला पुरुषाची टोपी. शनिवारी दुपारी चारला आले. मी अंगणात कोंबडीची पिसं काढत बसले होते. हात पुसून उठले, म्हटलं, "या, या, आत या." तर बाई कुठल्या आत येतात! त्यांनी माझ्या गोठ्याच्या छपराकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "पेल, पाकोळी!" आणि हिरवी वही काढून लिहून घेतलं. मान आधी पाकोळीला, मग मला. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

आणि ही माणसं पाठवलीस कुणी? तू! "ताई, गेल्या वर्षी माझ्याकडे राहिले होते, साधी माणसं आहेत, दर जूनला पक्षी बघत हिंडतात, या वेळी वाटेत दोन रात्री तुझ्याकडे ठेव." तुझेच शब्द. पत्र अजून भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेलं आहे, नाही म्हणू नकोस.

बरं, खाण्यात मी काही कमी केलं नाही. शनिवारी कोंबडी, रविवारी पिठाच्या गोळ्यांचं सूप. कलिंगडाच्या सालींच्या लोणच्याची एक अख्खी बरणी पेलनं एकट्यानं संपवली. देव त्याचं भलं करो, खाणारा माणूस मला आवडतो. क्रिस्टियान गेल्यापासून या टेबलाशी कुणी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं नव्हतं. रुबेन माझा मुलगा खरा, पण त्याच्या बायकोनं त्याला पथ्यावर ठेवलंय. जाऊ दे.

रविवारी प्रार्थनेहून आले तर दोघं पाणकणसांत गुडघाभर चिखलात उभे. उचाट, ती वर वळलेल्या चोचीची पाखरं, बघत होते. मी म्हटलं, "चला, तुम्हाला माझं घुबड दाखवते." बाई हसल्या. लहान मुलानं चित्र दाखवायला आणलं की शिक्षिका हसतात ना, तशा. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. मी शाळेत गेले तीन हिवाळे. मला कळतं कोण कसं हसतं ते.

पण नेलं. ज्या कुरणाला क्रिस्टियाननं कधी नांगर लावू दिला नाही, तिथे. तू बघितलंस ना ते घुबड? वीतभर उंच, पाय लांबलचक, भर दुपारी बिज्जूच्या जुन्या बिळाच्या तोंडाशी पहारा देत उभं. दारात वाळलेलं शेण पसरून ठेवलेलं. आम्हाला बघून खाली वाकलं, पुन्हा उभं राहिलं, पुन्हा वाकलं. आपला पाद्री दारात उभा राहून सगळ्यांना वाकतो अगदी तसं. बाईंचं हसू गेलं. पेलनं दुर्बीण डोळ्याला लावली ती पाच मिनिटं काढलीच नाही. दोघं कुजबुजले. मी अशी ताठ उभी होते, की क्रिस्टियान असता तर म्हणाला असता, ओटिली, श्वास घे.

आता ऐक. संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेले आणि हिरवी वही टेबलावर उघडी पडली होती. मी उघडली नाही. म्हणजे अर्धी उघडी होती. मी ओळ न् ओळ वाचली, बोट ठेवून. एकसष्ट पक्षी. पाकोळी आहे. उचाट आहे. माझ्या गोठ्यातली चिमणी आहे. पिना, चिमणी! आणि घुबड नाही. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. नाही म्हणजे नाही!

दोघांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि मी दाखवलं म्हणून लिहिलं नाही. अडाणी जर्मन म्हातारीचं घुबड त्यांच्या वहीत बसत नाही.

आणि आज सकाळी मी पाचला उठले तर गाडी गेलेली. अंथरुणं घडी केलेली, वर चिठ्ठी, "लवकर निघावं लागलं, मनापासून आभार." नाश्त्याला मी दोन गोड कूखन भाजले होते, एक मलईचा, एक सुक्या आलुबुखारांचा. हातही लागला नाही त्यांना. माझ्या घरून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं.

आणि सर्वांत वाईट म्हणजे, पुन्हा कधी येणार ते सांगितलंच नाही. आता मी सदरात काय लिहू? बावीस वर्षं साप्ताहिकात "नॉयबर्गच्या गोष्टी" लिहितेय. कोण आधी आलं, काय खाल्लं आणि पुन्हा कधी येतो म्हणाले, असंच लिहिते मी. दिवस नसेल तर तो पाहुणा नव्हे, वाटसरू.

ते बुधवारी तुझ्याकडे पोचतील. खायला घालू नकोस. आणि विचार त्यांना घुबडाचं.

तुझी ताई,
ओटिली

*

लिटल मिझुरीपलीकडून
शुक्रवार, १६ जून

ताई,

घातलं खायला. ओरडू नकोस. बुधवारी इथे असा पाऊस झाला की आमच्या टेकड्यांची माती साबण झाली. त्यांची गाडी तिसऱ्या वळणावर घसरून खड्ड्यात बसली. मी ट्रॅक्टरनं ओढून काढली तेव्हा दोघांच्या बुटांना पाच पाच शेर चिखल. बाई म्हणाल्या, "फिलिपिना, तुमच्या स्वयंपाकघराची माफी मागते." मी म्हटलं, "माझं स्वयंपाकघर तुमच्यापेक्षा वाईट गोष्टींतून गेलंय." अशा माणसांना सूप नाही म्हणून सांगायचं? तू सांगितलं असतंस का? तू तर त्यांना तुझं कोरडं पांघरूण दिलं असतंस आणि मग मला पत्र लिहून शिव्या घातल्या असत्यास.

पण विचारलं मी. अगदी घास तोंडात असताना, म्हणजे खोटं बोलायला वेळ मिळू नये. म्हटलं, "माझ्या ताईच्या घुबडाचं काय झालं?" ताई, पेलला ठसका लागला. पार लाल झाला. बाईंकडे बघितलं. आणि बाई काय म्हणाल्या? "पेल, मीठ दे." मीठ त्यांच्या स्वतःच्या हाताशी होतं.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. काल ते नदीच्या बाजूला गेले, मीही गेले, माझी एक कालवड चुकली होती म्हणून. म्हणजे कालवड गोठ्यातच होती, पण त्यांना काय माहीत. लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या त्या उंच कड्यावर गरुडाचं घरटं आहे, तुला दाखवलं होतं. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग हिरवी वही उघडलीच नाही. छातीच्या खिशाचं बटण काढलं आणि आतून एक छोटी काळी वही काढली. दोन ओळी लिहिल्या. वही आत, बटण बंद. वर हातानं थापटून बघितलं.

दोन वह्या, ताई! एक दाखवायची, एक लपवायची. चिमण्या-पाकोळ्या आपल्या तोंडावर आणि भारी माल काळ्या वहीत. तू म्हणतेस तुझं घुबड वहीत बसत नाही. मला वाटतं बसलंय. चोरून बसलंय. घरी जाऊन म्हणतील, आम्ही शोधलं.

आज सकाळी निघाले. नाश्ता करून निघाले बरं का, अंडी आणि चार चार पोळे. तुला राग येऊ नये म्हणून सांगायला नको होतं.

पिना

*

नॉयबर्ग
मंगळवार, २० जून

पिना,

चार चार पोळे! वाचून मी पत्र खाली ठेवलं, अंगणात जाऊन आले, पुन्हा वाचलं, तरी चारच.

काळ्या वहीचं वाचल्यावर तर मला बसवेना. दोन रात्री विचार केला. शेजारच्या बर्थाला सांगितलं, ती म्हणाली, "सोड ना ओटिली, पाखरू ते पाखरू." ही बर्था! हिच्या नातवाचा पहिला दात पडला तर मी ते चार ओळींत छापलं होतं!

मग मला सुचलं. त्यांच्याकडे दोन वह्या असतील, माझ्याकडे छापखाना आहे. एमिल संपादक आहे खरा, पण बावीस वर्षांत त्यानं माझा मजकूर कधी कापला नाही. फक्त वाक्यं सरळ करतो. काल सोमवारी दिलं, परवा गुरुवारी येईल. घे, उतरवून पाठवते:

"गेल्या शनिवारच्या आदल्या शनिवारी ओटिली बाउमगार्ट यांच्याकडे मिनेसोटाचे पेल आधी आणि थोर्सगार्डबाई मागून आल्या. कोंबडी व सूप झालं. रविवारी श्रीमती बाउमगार्ट यांनी त्यांना स्वतःच्या कुरणातलं बिळात राहणारं घुबड दाखवलं. पाहुण्यांनी ते स्वच्छ पाहिलं. ज्या कुणाला शंका असेल त्यानं स्वतः येऊन बघावं. शाळेच्या रस्त्यानं तिसरं फाटक, जिथे घोड्यानं ओढायचं जुनं दाताळं गंजत पडलंय, तिथून पूर्वेला शंभर पावलं. हे घुबड श्रीमती बाउमगार्ट यांनी शोधलं आहे, इतर कुणी नाही. पाहुण्यांनी पुन्हा येण्याचा दिवस सांगितला नाही."

शेवटच्या वाक्यावर एमिल म्हणाला, "हे जरा कडक होतंय, ओटिली." मी म्हटलं, "कडकच आहे ते."

आता खिशाला बटण लावून बसा म्हणावं! पिना, आज मला इतकं हलकं वाटतंय की मी राहिलेला कूखनही खाऊन टाकला.

ओटिली

*

सेंट अँसगर, मिनेसोटा
बुधवार, २१ जून

आदरणीय श्रीमती बाउमगार्ट,

तुमच्या भगिनींच्या घरी मला एक प्रश्न विचारण्यात आला आणि मी उत्तर टाळून मीठ मागितलं. त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. म्हणून लिहिते.

आमची हिरवी वही दर शरद ऋतूत छापली जाते आणि आठशे घरांत जाते. सात वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या कुरणात मला असंच बिळातलं घुबड दिसलं. मी आनंदानं लिहिलं, फाटकासकट लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागली. लोकांनी बिळात काठ्या घातल्या. एक माणूस फावडं आणि खोका घेऊन आला आणि पिल्लं नेली, विकायला. नर तीन दिवस रिकाम्या बिळाशी उभा होता. तो वाकायचा, तुमचा वाकतो तसाच. मग गेला. त्या कुरणात पुन्हा घुबड आलं नाही.

तेव्हापासून घरट्यांसाठी मी वेगळी वही ठेवते. ती कुणाला दाखवत नाही. तुमचं घुबड तिच्यात आहे. त्याच्या पुढे "ओटिली बाउमगार्ट यांनी दाखवलं" असं लिहिलं आहे. आम्ही पहाटे निघालो ते तुमच्या फाटकापाशी दिवसा गाडी दिसू नये म्हणून. दूरवरून नर बिळात भक्ष्य नेताना पाहिला. मादी आत आहे. पिल्लं लवकरच होतील.

एक गोष्ट राहिली. पेल म्हणत होता, बाईंना खरं सांगू या. मी म्हणाले, नको, खेड्यात बोलणं पसरतं. हे मी तुमच्याविषयी म्हणाले, तुमच्याच टेबलाशी तुमचं सूप खाऊन. मला क्षमा करा. आणि कृपा करून त्या जागेविषयी कुणाशी बोलू नका.

तुमची,
एडविना थोर्सगार्ड

*

नॉयबर्ग
मंगळवार, २७ जून

पिना,

बाईंचं पत्र सोबत पाठवतेय. आधी ते वाच, मग बस, मग हे वाच.

गुरुवारी साप्ताहिक आलं. शुक्रवारी हे पत्र आलं. एक दिवस, पिना! छापून व्हायच्या आधी आलं असतं तर! पोस्टातल्या त्या लुडविगला मी विचारलं, मिनेसोटाहून यायला दोन दिवस लागतात का? तो म्हणतो, लागतात. लागतात म्हणे! घोड्यावरून आणतात का?

मला राग आला तो कशाचा, ते तुला खरं सांगते. "खेड्यात बोलणं पसरतं" याचा. मी म्हटलं, ही कोण माझ्याबद्दल असं बोलणारी? मी बोलघेवडी? आणि समोर टेबलावर साप्ताहिक पडलेलं, त्यात तिसरं फाटक, दाताळं, शंभर पावलं. बाईनं मला दोन दिवसांत ओळखलं. नवऱ्याला वीस वर्षं लागली होती. तिचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर मी क्षमा केली असती. खरं ठरलं, म्हणून करवत नाही.

बरं, रडून काय होणार. शनिवारी उजाडताच ट्रॅक्टर काढला. साखळी घातली आणि ते दाताळं तिसऱ्या फाटकापासून ओढत पहिल्या फाटकापर्यंत नेलं. पाऊण मैल. कसला कर्कश आवाज! रुबेन धावत आला. "आई, काय चाललंय?"

"दाताळं हलवतेय."

"पंचवीस वर्षं तिथे होतं!"

"म्हणूनच. कंटाळलं असेल."

"आई, तुझं वय काय, तू करतेस काय!"

"तुझ्या पोटात पथ्याचं अन्न जातं, म्हणून तुला एवढी भीती वाटते," मी म्हटलं. "उभा राहण्यापेक्षा साखळी सोड."

फाटकं कुठून मोजायची ते बाहेरच्याला कुठे माहीत असतं? दाताळं मात्र लांबून दिसतं. आणि पहिल्या फाटकाशी काय आहे ठाऊक आहे ना? खारींची बिळं. नुसत्या जमिनीतल्या खारी, शंभर-दीडशे. गावच्यांना दाताळं हललेलं कळलं असतं, पण गावच्यांनी असली घुबडं पाळण्यात असल्यापासून पाहिलीत, ते कशाला येतील.

रविवारी अकरा गाड्या आल्या. अकरा! माझ्या क्रिस्टियानच्या अंत्यविधीला नऊ होत्या! कोण कुठले, काउंटीपलीकडचे. दुर्बिणी, खुर्च्या, बिअरचे डबे. दिवसभर माझ्या खारींकडे बघत बसले. एक बाई खारीला बघून नवऱ्याला म्हणते, "ते बघ, वाकलं!" एकानं तर बिळात काठी घातली. मी कुंपणावरून ओरडले, "तुमच्या घरात येऊन मी काठी घालू का?" तो म्हणतो, "आजी, आम्ही पेपरात वाचून आलोय." पेपरात! माझं लिहिलेलं मलाच ऐकवतो!

आणि मी तिथे उभी राहून बघत होते. ही अकरा गाड्यांची गर्दी तिसऱ्या फाटकाशी असती तर. पुढे विचारच करवेना.

पण काल सोमवारी आला तो वेगळा. एकटा. दाताळ्याकडे गेलाच नाही, सरळ माझ्या दाराशी. बूट स्वच्छ, आवाज गोड. ट्रकमध्ये मागे जाळीचा खोका आणि फावडं. पिना, खोका बघितला आणि माझ्या हातातली बशी निसटली. फुटली नाही, तीही बाउमगार्टांचीच आहे.

"आजी," तो म्हणाला, "त्या फाटकाशी खारी आहेत. घुबड कुठेय?"

मी त्याला बसवलं. कॉफी दिली. कूखन दिला. सांगायला सुरुवात केली, क्रिस्टियानच्या आजोबांनी ओडेसाहून कोणत्या बोटीनं कधी प्रवास केला, बोटीवर कुणाला काय झालं, पोटात, अंगावर, सगळं. दोन तास. त्यानं तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं.

"पण आजी, घुबड?"

आता सांगायचं काय? नाही सांगत म्हटलं असतं, तर त्यानं सगळं कुरण धुंडाळलं असतं. मग मी म्हटलं. पिना, मला ते म्हणताना दात दुखले. मी म्हटलं, "बाळा, खरं सांगू? ती खारच होती बहुतेक. माझे डोळे गेलेत आता. खार उभी राहिली की वाटतं मला काहीबाही."

"पण पाहुण्यांनी स्वच्छ पाहिलं म्हणून छापलंय."

"पाहुणे भले होते. म्हातारीचं मन मोडलं नाही त्यांनी. म्हणून तर त्यांनी वहीत लिहिलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. कीव करून बघितलं, पिना! माझी कीव! ज्या डोळ्यांनी मी अर्ध्या मैलावरून सांगते की कोणती गाय लंगडतेय, त्या डोळ्यांची कीव! माझा खांदा थोपटला आणि गेला. कूखनाचा तुकडा कागदात बांधून घेऊन गेला, निर्लज्ज.

दार लावलं आणि खुर्चीत बसले. मला कळलं, एवढ्यानं भागणार नाही. आज एक गेला, उद्या दुसरा येईल. पेपरातलं पेपरातच पुसावं लागेल.

ओटिली

*

लिटल मिझुरीपलीकडून
शनिवार, १ जुलै

ताई,

बाईंचं पत्र तीनदा वाचलं. माझ्या त्या पत्रात कड्याचं लिहिलं होतं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं वगैरे, ते चुलीत घाल. आत्ताच्या आत्ता. आणि चोर म्हणाले होते तेही.

तुझा मजकूर कालच्या टपालात आला. उभ्या उभ्या वाचला. "श्रीमती बाउमगार्ट कळवतात की गेल्या आठवड्यात छापलेलं घुबड घुबड नव्हतं, ती खार होती. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल श्रीमती बाउमगार्ट दिलगीर आहेत." ताई, तू जन्मात कधी दिलगीर झालेली मला आठवत नाही. माझी बाहुली विहिरीत टाकलीस तेव्हासुद्धा नाही.

मला वाटतं आईनं हे वाचलं असतं तर तुला जवळ घेतलं असतं. मग बाहुलीबद्दल एक ठेवून दिली असती.

पिना

*

नॉयबर्ग
सोमवार, १७ जुलै

पिना,

कडा जाळला. चोर ठेवलाय, गंमत म्हणून.

आता माझं ऐक. गेल्या तीन रविवारांत मी काय काय ऐकलं! चर्चच्या पायऱ्यांवर बर्था, सगळ्यांसमोर: "ओटिली, परवा आमच्या कोंबडखान्यात हत्ती दिसला, सदरात घालतेस?" सगळे हसले. लुडविगनं पोस्टात टपाल देताना म्हटलं, "जपून, हे पत्र आहे, खार नाही." रुबेनची बायको मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ म्हणते, गोड आवाजात! आणि एमिल, माझा एमिल, बावीस वर्षांचा, म्हणतो, "ओटिली, आता मजकूर जरा तपासून घेत जाऊ या." तपासून! मी लिहिलेलं! मी घरी आले आणि दूध घुसळायला घेतलं. मडकं फुटायचं बाकी राहिलं.

पायऱ्यांवर उभी असताना जिभेवर आलं होतं. अगदी टोकाशी. एकच वाक्य. बर्था, शुक्रवारी ये आणि बघ. एक वाक्य बोलले असते आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी टोपीची दोरी घट्ट बांधली आणि घरी आले. क्रिस्टियान असता तर त्यानं मला ओळखलंच नसतं.

पण आता हे फक्त तुला सांगते, आणि वाचून झाल्यावर चुलीत.

रोज संध्याकाळी उन्हं उतरली की मी बादली घेऊन गाय बघायला जाते. तिसऱ्या फाटकाकडून. गाय दुसरीकडे असते. गेल्या सोमवारी बिळाच्या तोंडाशी एक डोकं वर आलं. मग दुसरं. मी जागची हलले नाही. मग तिसरं. पिना, सात! वीतभर नव्हे, अर्ध्या वितीची, कापसासारखी, सगळी एकदम माझ्याकडे बघून वाकली. मी एकटीच कुरणात, हातात रिकामी बादली, आणि मीही वाकले. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी म्हणाले असते, म्हातारी खारींना नमस्कार करते.

एक पाऊल पुढे गेले तर आतून तुझ्याकडच्या खडखड्या सापासारखा आवाज! सातही आत. मी पटकन मागे झाले. चोरांना असंच घाबरवतात म्हणे. बाईंनी मागाहून कळवलं.

हो, लिहिलं बाईंना. चार पानं लिहिली. तुमचं पत्र येण्याआधीच मी छापून बसले होते, हेही सांगितलं. आणि तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणालात त्याचा राग अजून आहे, आणि तो जायला वेळ लागेल, हेही लिहिलं. मग खाली लिहिलं: सात.

उलट टपाली उत्तर आलं. बाई लिहितात, आकडा वाचून पेल खुर्चीवरून उठला आणि सगळ्या घरभर फिरला. आणि काळ्या वहीत सातचा आकडा त्यांनी घातलेला नाही. अर्धं पान मोकळं ठेवलंय. तो आकडा ज्यानं मोजला त्यानं स्वतःच्या हातानं घालायचा, असं त्यांचं म्हणणं. माझं अक्षर वेडंवाकडं आहे ते मी आधीच कळवलंय. त्यावर त्यांनी लिहिलं की चाळीस वर्षं त्यांनी मुलांची अक्षरं तपासली, आता कुणाचं तपासणार नाहीत. हसले मी. राग गेलेला नाही, पण हसले.

आज एमिलकडे सदर नेऊन दिलं. त्यानं तपासलं. त्यात काय तपासणार?

"श्रीमती बाउमगार्ट यांच्याकडे मिनेसोटाचे पेल व थोर्सगार्डबाई पुन्हा यायचे आहेत. काही बघायला नव्हे, मागच्या वेळी राहिलेला नाश्ता करायला. दोन कूखन होतील, एक मलईचा, एक आलुबुखारांचा. येण्याचा दिवस पाहुण्यांनी स्वतः कळवला आहे: शनिवार, ५ ऑगस्ट."